लोकार्पणानंतरच्या वर्षांचं काय? : पर्यावरण-कलेला निधी देणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक कला आणि पर्यावरण प्रकल्पांना निधी देणाऱ्या संस्थांचे विश्वस्त, निवड समित्यांचे सदस्य आणि अशा कामांना मंजुरी देणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे येणाऱ्या प्रस्तावांच्या गठ्ठ्यात अधूनमधून माझाही प्रस्ताव असतो. मी चित्रकला शिकले, पण आता माझं काम एका माध्यमात मावत नाही. बिघडलेल्या जमिनीच्या आणि पाण्याच्या आसपास राहणाऱ्या माणसांबरोबर मी काम करते. कधी त्याचं चित्र होतं, कधी ध्वनिमुद्रण, कधी उघड्यावरचा नाट्यप्रयोग, तर कधी नुसती मातीच्या नमुन्यांची नोंदवही. सोबत कुणी रसायनशास्त्राचं असतं, कुणी वनस्पतिशास्त्राचं, आणि त्या जागी राहणारे तर असतातच. अशा कामासाठी तुम्ही पैसा देता याबद्दल मनापासून आभार. तो ज्या पद्धतीनं देता ती पद्धत मात्र बदलायला हवी. समितीसमोरच्या दहा मिनिटांच्या सादरीकरणात हे सांगून होत नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

तुमचा निधी वस्तूला मिळतो. भित्तिचित्र, शिल्प, महोत्सव, प्रदर्शन. वर्षभरात काम उभं राहायचं, लोकार्पण व्हायचं, छायाचित्रांसह अहवाल यायचा आणि फाईल बंद व्हायची. जमिनीत मुरलेलं शिसं किंवा कॅडमियम आर्थिक वर्ष पाळत नाही. हे धातू कुजत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतात. ज्यांना त्यांच्या शेजारी आयुष्य काढायचं आहे त्यांच्याबरोबरचं काम काही महिन्यांत कसं उरकेल? मग उरकण्याजोगंच काम निवडलं जातं. ज्या नाल्यात एकही मासा उरलेला नाही त्याच्या संरक्षक भिंतीवर रंगीत मासे काढून घेतले जातात. शाळेतल्या मुलांच्या हातात एका सकाळी ब्रश दिले की अहवालात लोकसहभाग लिहिता येतो. मुलं खूश असतात, आणि त्यांचा आनंद खरा असतो. पण त्या सकाळी नाल्यात वरून काय मिसळतं हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि रोज शाळेत जाता-येता त्यांना तिथे काय दिसतं हेही कुणी विचारत नाही.

मेल चिन या अमेरिकन कलाकाराचं १९९१ मधलं ‘रिव्हायव्हल फील्ड’ तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहराचा पिग्ज आय नावाचा जुना कचरा डेपो, तिथली कॅडमियम आणि जस्त मुरलेली जमीन. चिन यांनी रुफस चेनी या सरकारी कृषिशास्त्रज्ञाला बरोबर घेतलं. काही वनस्पती मातीतले जड धातू मुळांतून ओढून खोडापानांत साठवतात. त्या लावायच्या, कापायच्या, जाळायच्या आणि राखेतून धातू काढून घ्यायचा, ही चेनी यांची कल्पना. तिची प्रत्यक्ष जमिनीवर चाचणी घेणारे फारच थोडे होते. चिन यांनी ती चाचणी हेच शिल्प मानलं. पाहायला तिथे फारसं काही नव्हतं. जाळीचं चौकोनी कुंपण, आत गोल वाफा, आणि त्यातून एकमेकींना छेदत गेलेल्या दोन वाटा. तरीही त्या जमिनीवर उगवलेली रोपं प्रयोगशाळेत गेली, आणि त्यातल्या एका जातीनं धातू ओढून घेतल्याचं सिद्ध झालं.

मला यातला निधीचा भाग तुमच्यासमोर ठेवायचा आहे. अमेरिकेच्या कलेसाठीच्या राष्ट्रीय निधीकडे या कामासाठी १०,००० डॉलर मागितले होते. तज्ज्ञांनी शिफारस केली, निधीच्या अध्यक्षांनी नकार दिला. ही कला आहे की शेती, असा प्रश्न होता. चिन यांनी स्वतः भेटून बाजू मांडल्यावर पैसे मिळाले. हा प्रश्न आजही जवळजवळ प्रत्येक समितीत मला विचारला जातो, आणि तो विचारण्याचा तुमचा अधिकार मला मान्य आहे. फक्त उत्तर ऐकायला तेवढाच वेळ द्या. काम कुठल्या खात्यात बसवायचं हे ठरेपर्यंत पेरणीचा हंगाम निघून जातो, हा अशा प्रकल्पांचा नेहमीचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट रंगाची. खाणकामात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज, उघडं पडतं. त्याला हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि लोह विरघळून ओढ्यात उतरतं. असं पाणी कधी कधी दिसायला अगदी नितळ असतं. काचेच्या भांड्यात ते घेऊन त्यात चुन्याची निवळी हळूहळू ओतली की आधी हिरवट ढग उमटतो. मग वरच्या बाजूनं, जिथे हवा लागते तिथून, तो नारिंगी होत खाली उतरत जातो. ढवळायची गरज नसते. भोवती बसलेली माणसं काही बोलत नाहीत, सगळ्यांचे डोळे त्या भांड्यावर. तळाशी बसलेला गाळ धुऊन, वाळवून, खलात घोटून जवसाच्या तेलात कालवला की पिवळा रंग मिळतो, आणि तोच भट्टीत भाजला की लाल. ओहायोमध्ये जॉन साब्रॉ हे चित्रकार आणि गाय रीफ्लर हे अभियंता खाणींच्या अशाच पाण्यातलं लोह काढून त्यापासून चित्रकारांचे रंग बनवतात. रंग विकून पाणी स्वच्छ करण्याचा खर्च भागवायचा, असा त्यांचा विचार आहे.

माझ्या कार्यशाळांमध्ये हा भाग सगळ्यांना आवडतो, तुमच्या पाहणी पथकांनाही. पण गाळात फक्त लोह असेल याची खात्री नसते. आर्सेनिक, मँगनीज, आणखी काही असू शकतं. मुलांच्या हातात ती पूड देण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल हवा, तोही प्रत्येक ठिकाणच्या गाळाचा वेगळा. तुमच्या अंदाजपत्रकात ‘साहित्य’ असा रकाना आहे, ‘वाहतूक’ आहे, ‘मानधन’ आहे. चाचणीचा खर्च कुठे दाखवायचा हे विचारलं की तो कलेचा खर्च होत नाही असं कळवलं जातं. लोकांचे हात ज्यात बुडणार आहेत ते सुरक्षित आहे का, हे पाहणं माझ्या दृष्टीनं या कलेतलं पहिलं काम आहे. ते कलाकाराच्या खिशातून होता कामा नये, आणि ते टाळून तर मुळीच होता कामा नये.

अशाच एका कार्यशाळेत एका वयस्क बाईंनी वाळलेली पूड चिमटीत धरली, बोटांवर घासून पाहिली आणि म्हणाल्या, “रंग चांगला झालाय. आमच्या विहिरीचं काय?” बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. माझ्याकडे पैसे होते ते रंगाचे आणि प्रदर्शनाचे. विहिरीसाठी पाणी तपासावं लागलं असतं, उगम शोधावा लागला असता, ज्या खात्याच्या अखत्यारीत ते येतं त्यांच्याकडे पुनःपुन्हा जावं लागलं असतं. त्या कामाला दोन-तीन वर्षं लागली असती. निधीची मुदत संपत आली होती, आणि मुदतवाढीच्या विनंतीला उत्तर आलं की प्रकल्पाची उद्दिष्टं पूर्ण झाली आहेत.

त्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर देता येतं, हे पेन्सिल्व्हेनियातल्या व्हिंटनडेल या छोट्या खाणगावात दिसलं. टी. ॲलन कॉम्प या इतिहासकारानं १९९४ मध्ये तिथे काम सुरू केलं. जलभूशास्त्रज्ञ, शिल्पकार, भूदृश्यरचनाकार आणि गावकरी एकत्र बसले. खाणीतून येणारं आम्लयुक्त पाणी एकामागून एक तळ्यांमधून नेत नेत निवळायचं, आणि ही सगळी यंत्रणा लपवून न ठेवता तीच बाग म्हणून गावाला द्यायची, असं ठरलं. तळ्यांच्या काठानं झाडं अशी निवडली की पानगळीच्या दिवसांत त्यांचे रंग पाण्याबरोबर बदलत जावेत: जिथे पाणी खराब तिथे लालभडक-नारिंगी, जिथे निवळलं तिथे हिरवट. गावाला खेळायला जागा हवी होती, तीही त्याच आराखड्यात आली. याला दहा वर्षं लागली. एका वर्षाच्या निधीत यातली फक्त झाडं लावून झाली असती, आणि तळ्यांशिवाय त्या झाडांना काही अर्थ उरला नसता.

वेळ नेमका कशात जातो, हे मर्ल लेडरमन युकेलीस या अमेरिकन कलाकाराच्या कामाकडे पाहिलं की कळतं. १९७७ पासून त्या न्यूयॉर्कच्या स्वच्छता विभागात निवासी कलाकार, म्हणजे विभागाशी जोडून घेऊन काम करणाऱ्या कलाकार होत्या, त्याही बिनपगारी. १९७९-८० मध्ये जवळपास वर्षभर त्या शहरभर फिरल्या आणि तिथल्या ८,५०० सफाई कामगारांशी एकेक करून हात मिळवला. शहर जिवंत ठेवल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानले. त्यांच्या पाळ्यांच्या वेळा सांभाळून, ते जिथे कचरा उचलत होते तिथे जाऊन. कचऱ्याबद्दल काही सांगण्याआधी जे तो उचलतात त्यांना पाहणं, भेटणं, त्यांचं ऐकणं, यालाच त्या वर्षाचं काम म्हणायचं. असं काम तुमच्या अर्जात ‘पूर्वतयारी’ म्हणून दोन आठवड्यांत दाखवावं लागतं. आणि बिनपगारी हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. या कामाचं कौतुक करताना त्यागाची भाषा वापरली जाते, ती मला नको वाटते. कलाकाराला पगार हवा. जे रहिवासी आपले दिवस मोडून नमुने गोळा करतात, रात्री येणाऱ्या वासाची नोंद ठेवतात, पाहुण्यांना वाट दाखवतात, त्यांनाही मानधन हवं. त्यांची माहिती फुकट आणि सल्लागाराची पैसे मोजून, ही विभागणी अन्यायाची आहे.

आपल्याकडच्या कलाकार नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये कोंडागावच्या परिसरात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर काम केलं. हातपंपांभोवतीच्या ‘नलपार’ या जागा त्यातून उभ्या राहिल्या. सांडलेल्या पाण्याला वाट करून दिली आणि भरलेला हंडा डोक्यावर घेण्याआधी मध्ये टेकवता येईल असे टप्पे बांधले. पाणी भरणाऱ्या बाईला कुठल्या क्षणी कंबरेत कळ येते हे ठाऊक असल्याशिवाय तो टप्पा नेमक्या उंचीवर येत नाही. ते ठाऊक होण्यासाठी कलाकार तिथे परत परत जाणारा असावा लागतो. माझ्या मते या देशात झालेल्या सार्वजनिक शिल्पांमध्ये त्या टप्प्यांचं स्थान फार वरचं आहे.

आता देखभालीबद्दल, कारण सगळ्यात मोठी गळती तिथेच आहे.

१९८२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात जोसेफ बॉईस या जर्मन कलाकारानं ७,००० झाडं लावायचा संकल्प केला. प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्ट या काळ्या दगडाचा एक खांब उभा राहणार होता. ते सगळे ७,००० दगड आधीच आणून शहराच्या मध्यवर्ती संग्रहालयासमोर ढीग करून ठेवले. एक झाड लागलं की एक दगड तिथून हलायचा. म्हणजे काम किती झालं आणि किती उरलं, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. लोकांना तो ढीग आवडला नाही, तक्रारी झाल्या, पण तो कमी करायचा तर झाडं लावणं हाच उपाय होता. याहून प्रामाणिक प्रगती अहवाल मी पाहिलेला नाही. १९८६ च्या सुरुवातीला बॉईस गेले. शेवटचं झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलानं लावलं. कलाकार गेल्यावरही काम पुरं झालं, कारण ते कधीच एकट्याचं नव्हतं आणि ते वर्षभरात संपेल असं कुणी धरून चाललं नव्हतं.

फिनलंडमध्ये ॲग्नेस डेनेस या कलाकार बाईंनी खडी काढून उजाड झालेल्या जागेवर एक टेकडी रचून तिच्यावर ११,००० माणसांकडून ११,००० झाडं लावून घेतली. १९९२ ते १९९६ हे लागवडीचं काम चाललं. प्रत्येकाला आपल्या झाडाचं प्रमाणपत्र मिळालं, ते वारसाहक्कानं पुढे देता येतं, आणि ती जागा ४०० वर्षं राखण्याचं ठरलं. तुमच्याकडे मी ४०० वर्षं मागत नाही. पाच मागते. लावलेल्या झाडाची दोन उन्हाळे काळजी घेणारं कुणी नसेल तर ते झाड लावण्याचा कार्यक्रम करू नये, इतकी साधी ही मागणी आहे. निधीचा ठरावीक हिस्सा पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा आणि तो फक्त लोकार्पणानंतरच खर्च करता येईल अशी अट घाला. तो पैसा कुणी आणि कसा वापरायचा हे त्या जागी राहणाऱ्यांच्या गटाला ठरवू द्या.

एक विषय बोलायला अवघड आहे, तरी बोलते. ज्यांच्यामुळे पाणी बिघडलं त्यांच्याकडूनही कलेला पैसा येतो. एका प्रकल्पात आम्ही नाल्याकाठच्या लोकांचे आवाज मुद्रित केले होते. वास कुठल्या दिवशी वाढतो, पाण्याला फेस कधी येतो, ते कुठून येतं असं त्यांना वाटतं. प्रदर्शनाच्या तोंडावर निधी देणाऱ्यांकडून सांगणं आलं की आठवणी ठेवा, कारणं गाळा. ज्या आजोबांनी फेसाचे दिवस वहीत लिहून ठेवले होते त्यांचा आवाज अर्धा कापायचा होता. मी सगळं ध्वनिमुद्रण त्या लोकांच्या हवाली केलं आणि प्रदर्शनातून माझं नाव काढून घेतलं. असं पुन्हा कुणावर येऊ नये म्हणून करारात एक कलम हवं: नुकसानीचं कारण सांगण्याचा, आणि पुरावा असेल तर ते कुणामुळे झालं हे सांगण्याचा हक्क सहभागी लोकांकडे राहील, आणि त्यांच्या आवाजांची, नोंदींची, नकाशांची मालकीही त्यांचीच राहील. नुकसानीचं कारण झाकून केलेलं पर्यावरणाचं चित्र, नुकसान करणाऱ्याची जाहिरात होतं.

तुम्ही विचाराल, परिणाम मोजायचा कसा. मोजा ना, जरूर मोजा. पाण्याचा सामू (पीएच) मोजा, त्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजा, मातीतलं शिसं मोजा. काम सुरू होण्याआधी आणि नंतर दरवर्षी. कला एकटी पाणी साफ करते असा दावा मी करणार नाही. सोडणाऱ्यानं घाण सोडणं थांबवलं पाहिजे, ते आधी. कला जे करते तेही दिसणारं आहे. मेल चिन यांचंच पुढचं काम पाहा. कतरिना वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या मातीतल्या शिशाचा प्रश्न त्यांच्यासमोर आला. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा कायमचा परिणाम होतो, आणि कितीही थोडं शिसं सुरक्षित मानता येत नाही. चिन यांनी मुलांना १०० डॉलरच्या नोटेसारखी आपापली नोट काढायला सांगितली. देशभरातून अशा लाखो नोटा आल्या. त्या गोळा करायला चिलखती गाडी फिरवली आणि माती सुरक्षित करण्यासाठी खऱ्या पैशाची मागणी राजधानीपर्यंत नेली. ज्या मुलांच्या अंगात शिसं जातं त्यांनाच धोरणाच्या टेबलावर बोलायला जागा मिळाली. हेही मोजता येतं: आधी बैठकीला कोण बोलावलं जायचं आणि आता कोण बोलावलं जातं.

आणि जागा सुधारल्यावर तिथून कुणाला उठवलं गेलं, तेही मोजा. काठ स्वच्छ झाला, बाकं आली, दिवे लागले की जमिनीला भाव येतो. ज्यांनी घाणीत उभं राहून ते काम केलं तेच मग भाड्याला महाग होऊन दूर फेकले जातात. मंजुरी देणारे आणि जमिनीच्या वापराचे निर्णय घेणारे अनेकदा एकाच इमारतीत बसतात. मंजुरीबरोबरच रहिवाशांच्या राहण्याची हमी लिहून देणं तुम्हाला शक्य आहे.

एवढं सगळं एकदम होणार नाही हे मी जाणते. म्हणून सुरुवात अर्जाच्या नमुन्यापासून करा. तो तुमच्या हातात आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. कलाकाराला आराखडा ठरल्यावर भिंत रंगवायला बोलावण्याऐवजी तो ठरण्याआधी बोलवा, आणि पहिली बैठक त्या जागी, तिथल्या लोकांना सोयीच्या वेळी घ्या. नमुन्यात तीन नवे रकाने घाला: नमुन्यांची चाचणी कोण करणार आणि तिचा खर्च किती, रहिवाशांना मानधन किती, आणि काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षं त्याची जबाबदारी कोणाकडे, कोणत्या पैशातून. ज्या प्रस्तावात हे रकाने रिकामे असतील तो परत पाठवा, तो माझा असला तरी. या नमुन्याचा मसुदा करायला मी आणि माझ्याबरोबर काम करणारे शास्त्रज्ञ आणि रहिवासी तुमच्याबरोबर बसायला तयार आहोत. पुढच्या अर्जांची जाहिरात निघण्याआधी बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

कळावे,
आपली,
तुमच्या निधीवर आणि लोकांच्या भरवशावर काम करणारी एक कलाकार